ताटात उरलेलं

सोमवार, ३ मार्च

ह्यांना न्यायला दवाखान्याची गाडी आली आणि गेली. डायलिसिसचे चार तास आता माझे. वन्सं जेवून आडव्या झाल्यात, घोरणं ऐकू येतंय, तोवर लिहून घेते. ही वही तांदळाच्या डब्यामागे राहील. तिकडे माझ्याशिवाय कुणी हात घालत नाही.

गेल्या महिन्यात मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांना समोर बसवून सांगितलं, किडनी बदलायची तर घरातलं कोणी देणारं बघा. लेकीचा रक्तगट जुळत नाही, शिवाय तिची दोन्ही पोरं लहान. वन्सं सत्तरीच्या. डॉक्टरांनी "मग?" म्हणून वर पाहिलं, तर वन्संनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "ही आहे ना!" दुकानदारापुढे पिशवी सरकवावी तसं. मी हसले. का हसले कोण जाणे.

तपासण्या झाल्या. सगळं जुळलं. डॉक्टर म्हणाले, छान, फक्त वजन चौऱ्याऐंशी आहे. बहात्तरच्या आत आल्याशिवाय टेबलावर घेणार नाही.

परतताना गाडीत वन्सं म्हणाल्या, "म्हणजे आता माझ्या भावाचा जीव तुझ्या तोंडात." हे खिडकीबाहेर बघत होते. ह्यांनी तीस वर्षं ट्रकांच्या वजनकाट्यावर कारकुनी केली. वजनाची गोष्ट निघाली की तासभर बोलतात. त्या दिवशी एक शब्द नाही.

मी मॅट्रिक आहे, गणितात पंचाहत्तर होते. बारा किलो म्हणजे बारा हजार ग्रॅम. दिवसाला शंभर उतरवले तर चार महिने. देवा, तू पाठीशी आहेसच.

बुधवार, ५ मार्च

दवाखान्यात एक सिस्टर आहेत, त्यांचं काम फक्त देणाऱ्यांकडे बघण्याचं. वयाने लेकीएवढ्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "काकू, ते डॉक्टर तुमच्या मिस्टरांचे. मी तुमची." मला त्याचा अर्थ नीट लागला नाही, पण बरं वाटलं. दर पंधरा दिवसांनी मंगळवारी वजनाला बोलावलंय.

त्यांनी सांगितलं, जे खाल ते लिहून ठेवा. हे काम मला शिकवायला नको. बत्तीस वर्षं घरचा हिशेब लिहिते, कधी चुकलेला नाही. रूळ मारून त्यासाठी दुसरी वही आखली, दोन रकाने केले. एक ह्यांचा, एक माझा. ह्यांचं सगळंच मोजून असतं. पाणी दिवसाला लिटरभर, मीठ चिमटीने, बटाटा दोनदा उकडून पहिलं पाणी फेकायचं, रोज तीन अंड्यांचा पांढरा भाग. माझं: सकाळी पावाचा एक स्लाइस, दुपारी एक वाटी भात, भाजी, ताक. रात्री सूप.

वन्संनी वही ओढून वाचली आणि स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टांगली. "सगळ्यांना दिसू दे."

बुधवार, २६ मार्च

काल वजन केलं. ८४.६. वाढलं!

सिस्टरनी काटा पुन्हा शून्यावर आणला, मला चपला काढायला लावल्या, बांगड्या काढायला लावल्या. तेवढंच. वही बघून म्हणाल्या, "एवढंच खाता?" मी म्हटलं, देवाशपथ एवढंच. भुकेने संध्याकाळी डोकं दुखतं तेही सांगितलं.

घरी वन्संनी वही वाचली, मग माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा वही. "कागद उपाशी दिसतोय. बाई दिसत नाही." मी चोरून खाते असं त्यांना वाटतं. आयुष्यात कुणाचा दाणा चोरला नाही. देवाच्या कोनाड्यापुढे बसून खूप रडले.

शुक्रवार, २८ मार्च

सकाळी हे टेबलाशी बसून ती वही बघत होते. म्हणाले, "जास्त भरलेली गाडी काट्यावरून पुढे सोडत नसत. परत पाठवत." टोमणाच होता. मी भांडी जरा आपटली.

बुधवार, ९ एप्रिल

लाज वाटते लिहायला, पण लिहिते. हिशेब चुकला होता. माझा!

८४.९ भरले. सिस्टर वही घेऊन बसल्या. ह्यांच्या रकान्यावर बोट ठेवून विचारलं, "तीन अंड्यांचा पांढरा भाग त्यांना. मग पिवळं कुठे जातं?"

मी म्हटलं, "टाकते की काय! मी खाते."

"ते तुमच्या रकान्यात नाही."

"अहो, अंडी ह्यांच्या नावावर मांडलीत ना. एकच अंडं दोन रकान्यांत कसं मांडणार? डबल होईल."

सिस्टरनी मग हळूहळू एकेक विचारलं. दुधावरची साय ह्यांना चालत नाही, ती कुणाला? मला. ताटात जो भात उरतो? मी. वन्संच्या पावाच्या कडा? त्यांना चावत नाहीत, मग मीच. पातेल्याच्या बुडाचं? लेकीकडून आलेली बिस्किटं मऊ पडली ती? सगळं मी. पण त्यातलं एकही माझ्यासाठी वाढलेलं नव्हतं. ते आधीच कुणाच्या तरी नावावर पडलेलं होतं. मी फक्त निस्तरत होते.

सिस्टरनी कागदावर बेरीज करून दाखवली. माझ्या नावावर होतं त्याच्यापेक्षा बिननावाचं जास्त निघालं.

"टाकून द्या," त्या म्हणाल्या.

आमची आई म्हणायची, अन्न टाकणारा देवाला पाठ दाखवतो. बत्तीस वर्षांत या घरातून शीत बाहेर गेलेलं नाही. मी तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "काकू, तुमचं पोट म्हणजे देवाचा कोनाडा नाही आणि कचऱ्याचा डबाही नाही." मग तिसरा रकाना आखून दिला. वर स्वतःच्या हाताने लिहिलं, 'उरलेलं'. कुणाच्या ताटात काय आणि किती, रोज लिहायचं. खायचं नाही.

शुक्रवार, ११ एप्रिल

उरलेल्याची सोय झाली. तळमजल्यावरच्या शिंपीणबाईंनी एक कुत्रा पाळलाय, काळा, हडकुळा. ह्यांचं अळणी त्याला चालतं. ताट घेऊन खाली गेले तर शिंपीणबाई म्हणाल्या, "वहिनी, रोज आणा. पण सिस्टरनी चालायलाही सांगितलंय ना तुम्हाला? मग संध्याकाळी ह्याला फिरवायला माझ्याबरोबर चला. एकटी फिरले की लोक बघतात. दोघी आणि कुत्रा असलं की कोणी बघत नाही."

वन्संना विचारलं. त्या म्हणाल्या, "औषध म्हणून जा. रमू नकोस."

सोमवार, १२ मे

चाळीस मिनिटं. छापखान्याच्या भिंतीकडेने, मग पाण्याच्या टाकीला वळसा, मग चढाच्या रस्त्याने परत. आधी टाकीपाशी दोनदा बसावं लागे. आता बसत नाही. तिसऱ्या मजल्यापर्यंत दम न लागता चढते.

काल चालताना एक गोष्ट लक्षात आली. लग्नानंतर मी पिशवी हातात न घेता रस्त्यावर कधी गेलेच नव्हते. हातांचं काय करावं कळेना. शेवटी मागे बांधले, हेडमास्तरांसारखे. शिंपीणबाई इतक्या हसल्या की कुत्र्यालाही भुंकावं लागलं.

वजन ८०.९.

बुधवार, १८ जून

७७.३. सिस्टरनी टाळ्या वाजवल्या. पोलक्याला दोन्हीकडून टाके घातले. शिंपीणबाईंनी पैसे घेतले नाहीत, पण दारात ऐकवलं, "वहिनी, तुमचं उतरलेलं सगळं माझ्या कुत्र्याला चढलंय. बसला की उठत नाही!" खरंच आहे. पोट जमिनीला टेकतं त्याचं.

लेकीचा फोन आला. "आई, किती राहिलं?" पूर्वी विचारायची, कशी आहेस. आता तेवढंच विचारते. मी म्हटलं पाच. ती म्हणाली, "शाब्बास. बाबांना सांग, पोरं आजोबांची वाट बघतायत." मग कुणीतरी रडायला लागलं, फोन ठेवला.

वन्संनी देवापुढे माझ्यासाठी वेगळा दिवा लावला. म्हणजे माझ्या वजनासाठी.

बुधवार, १६ जुलै

७४.१. मोठे डॉक्टर स्वतः येऊन म्हणाले, अजून महिनाभर असंच राहिलं तर तारीख ठरवू.

घरी सगळे आनंदात. वन्संनी शेजारच्या दोघींना बोलावून सांगितलं, "आमची भावजय म्हणजे साक्षात अन्नपूर्णा. आधी अन्न घातलं, आता किडनी घालतेय." मी चहा गाळत होते, दोन कप सांडले.

हे मात्र मख्ख. आजारी माणूस, त्याला काय बोलायचं. जेवण मात्र कमी झालंय. अर्धा भात तसाच सारतात, वर म्हणतात, "भूक नाही. टाकू नकोस हं, पाप लागेल." त्यांनीच असं म्हटल्यावर काय करणार?

त्यात कुत्रा बंद झाला. गुरांच्या डॉक्टरांनी शिंपीणबाईंना झापलं, ह्याला वरचं काही घालायचं नाही म्हणून. मी पहिल्या दिवशी ताट घेऊन मोरीपाशी उभी राहिले. हात पुढे जाईना. तिथेच उभ्याने खाल्लं.

वहीत 'उरलेलं' म्हणून लिहिलं. कुठे गेलं ते लिहिलं नाही.

बुधवार, ३० जुलै

७३.०. एकच किलो राहिला! तारीख ठरवायला पुढच्या वेळी सगळ्यांना बोलावलंय.

दवाखान्याच्या जिन्यावर एक बाक आहे. काल त्याच्यावर एक मुलगी बसली होती, दहाअकरा वर्षांची. मी तिच्याकडे बघत उभी राहिले आणि लिफ्ट निघून गेली. का ते माहीत नाही. माझी आई ऑपरेशनला आत गेली तेव्हा मी तेवढीच होते. असो.

परत आल्यावर सायीचं भांडं चाटूनपुसून साफ केलं. भूकही नव्हती.

बुधवार, १३ ऑगस्ट

७४.६. तारीख ठरली नाही.

वन्सं वाटेत बोलल्या नाहीत. घरी आल्यावर बोलल्या. "माझा भाऊ सुईवर लटकलाय आणि हिला जीभ आवरत नाही." बरोबरच आहे. मला माझीच घृणा येते. शनिवारपासून तीन दिवस काय झालं होतं मला! ह्यांनीही नेमका तेव्हाच भात टाकला, पाव टाकला, दोन पांढरी अंडी तशीच ठेवली. मी मोरीपाशी उभी, खातेय, मोजतेय, पुन्हा खातेय. देवा, ही कसली परीक्षा? मन घट्ट करून दे.

चालणं मात्र एक दिवस चुकवलं नाही. ती चाळीस मिनिटं गेली की दार उघडून आत यायचं, एवढंच जड जातं.

बुधवार, २७ ऑगस्ट

काल ७४.९. सिस्टरनी वन्संना बाहेर बसवलं आणि दार लावलं.

माझी वही उघडून म्हणाल्या, "काकू, हे बघा. मधले दहा दिवस शिस्तीत असतात. फक्त वजनाच्या आधीचे तीन दिवस घसरता. बहात्तर जवळ आलं की घसरता."

मी म्हटलं, "जिभेवर ताबा नाही माझा."

"मधले दहा दिवस असतो की."

मी वही मिटली.

मग त्या म्हणाल्या, "एक विचारू? तुम्हाला किडनी द्यायची आहे का?"

मला पटकन कळेचना काय विचारतायत. घरात सात महिने किडनीशिवाय दुसरं बोलणं नाही. पण हा प्रश्न मी पहिल्यांदा ऐकला. मी दाराकडे बघितलं.

"त्यांना ऐकू जात नाही," सिस्टर म्हणाल्या. "नसेल द्यायची तर मी बाहेर एवढंच सांगते, दाता म्हणून बसत नाहीत. कारण कधीही, कुणालाही सांगायचं नाही असा आमचा नियम आहे. तुमच्या मिस्टरांनाही नाही. किडनीची वाट बघणाऱ्यांच्या यादीत त्यांचं नाव आहेच, वेळ लागेल, पण डायलिसिस चालू राहील."

मी म्हटलं, "माझी आई टेबलावरून उठली नाही." आणि एवढं बोलून मला हुंदके आवरेनात. चाळीस वर्षांत हे वाक्य मी कुणाला सांगितल्याचं आठवत नाही. ह्यांना एकदा सांगितलं होतं बहुतेक, लग्नानंतर. त्यांचं लक्ष नव्हतं, काट्याच्या पावत्या जुळवत होते.

सिस्टर म्हणाल्या, "महिनाभर फाईल बाजूला ठेवते. सध्या बसत नाहीत, एवढंच सांगते. विचार करा."

शुक्रवार, २९ ऑगस्ट

घरात सुतक पडल्यासारखं आहे. वन्संनी माझ्या नावाचा दिवा बंद केला. लेक फोनवर म्हणाली, "आई, फक्त तीन किलो गं!" आणि रडली. मला खरं सांगता येत नाही आणि खोटंही बोलवत नाही. सिस्टरनी दार उघडून दिलं, पण बाहेर जायचं तर ह्या सगळ्यांच्या अंगावरून जावं लागेल.

एकट्या ह्यांनी काही म्हटलं नाही. दुपारी जेवले, ताट एकदम स्वच्छ. भाताचं शीत नाही. वर म्हणाले, "आज भाजी बरी झालीय."

बायको नापास झाली आणि ह्यांना भाजी बरी लागते! माणसाला काही वाटू नये?

शुक्रवार, १२ सप्टेंबर

दोन आठवडे हे पोटभर जेवत होते. उरलेलं काही नाही म्हणून मी खाल्लं नाही, एवढंच. चालणं चालूच होतं. मंगळवारी फाईल नसतानाही मी काट्यावर उभी राहून आले. ७३.२. वन्संनी खिळ्यावरच्या वहीत वाचलं, लगेच दिवा लागला.

आणि बुधवारपासून ह्यांचा भात पुन्हा अर्धा.

आज त्यांचा बिस्किटांचा डबा पुसताना बघितलं. तीन दिवसांत अर्धा रिकामा. अळणी बिस्किटं, दुसरं कुणी त्यांना हात लावत नाही.

मी वही खिळ्यावरून काढली. वजनं एका कागदावर उतरवली, शेजारी 'उरलेलं' उतरवलं. एप्रिल: वजन जास्त, उरलेलं घासभर. जून: पाव वाटी. जुलै, चौऱ्याहत्तरला आले तेव्हा अर्धी वाटी. त्र्याहत्तरला आले तेव्हा एक वाटी, पाव, दोन अंडी. 'बसत नाही' म्हणाले त्या दिवसापासून काही नाही. आणि आता परत अर्धी वाटी.

तीनदा ताडून बघितलं. हिशेब बरोबर आहे. अर्थ लागत नाही. किंवा लागतो, पण तो त्या माणसाला शोभत नाही.

सोमवार, १५ सप्टेंबर

काल रविवार. वन्सं देवळात गेल्या होत्या. ह्यांनी ताट सारलं, अर्धा भात, एक पांढरं अंडं.

मी ताट उचललं नाही. "तुमचं उरलंय."

"भूक नाही गं. टाकू नकोस, पाप..."

"डब्यातली सात बिस्किटं गेलीत कालपासून. भूक आहे." आणि तो कागद ताटाशेजारी ठेवला. एका बाजूला माझं वजन, एका बाजूला त्यांचं उरलेलं.

त्यांनी चष्मा शोधला. कागद बघितला, वरून खाली, मग खालून वर, काट्यावर पावती तपासायचे तसा. मग म्हणाले, "एकदा एक गाडी परत पाठवली होती. जास्त माल. डायवरने आईबहिणीवरून शिव्या दिल्या, साहेबाकडे तक्रार केली. दुसऱ्या दिवशी सकाळी नदीवरचा पूल बसला. तो डायवर आला आणि काट्यावरच बसून रडला."

"मी ट्रक आहे का?"

"तू बाकावर बसली होतीस ना, आईची चप्पल धरून. संध्याकाळपर्यंत. मग कोणीतरी येऊन म्हणालं, आता चप्पल नको."

मी खुर्ची ओढून बसले. "तुम्ही तेव्हा पावत्या जुळवत होतात."

"कान मोकळे होते."

"मग तोंडाने का नाही सांगितलंत, नको देऊस म्हणून?"

"आणि मला जगायचं असेल तर?" हे म्हणाले. ताटाकडे बघत होते. "तोंडाने नको म्हणवत नव्हतं. म्हटलं, काट्याने सांगितलं तर कुणाचा दोष नाही."

"मला विचारायचं तरी."

"तू नाही म्हणाली असतीस तर?"

"आणि हो म्हणाले असते तर?"

"तेच दुसरं भय."

बाहेर शिंपीणबाईंचा कुत्रा भुंकत होता. सात महिने एकमेकांच्या नाकासमोर बसून आम्ही एकाच ताटातून भांडत होतो. हे भात ढकलत होते, मी गिळत होते.

मग त्यांनी चष्मा काढला. "विचारू आता?"

"विचारा."

"देशील का?" आणि घाईने, "नाही म्हटलंस तरी चालेल. अक्काला मी बघून घेतो."

मी म्हटलं, "फिरून येते, मग सांगते."

शिंपीणबाईंना हाक मारली नाही. छापखाना, टाकी, चढ. दुसरा वळसाही घातला. घरी आले तर हे त्याच खुर्चीत, टीव्ही बंद. ताटातला भात संपला होता. गार झालेला, अळणी, तरी संपवला होता.

बुधवार, ८ ऑक्टोबर

७१.६. काट्याचा आकडा मी दोनदा वाचला, सिस्टरनी तीनदा.

मग दार लावून त्यांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. मी म्हटलं, देणार.

"घरच्यांनी सांगितलं म्हणून?"

"नाही. विचारलं म्हणून."

त्यांनी लिहून घेतलं. म्हणाल्या, शेवटच्या मिनिटापर्यंत नाही म्हणता येतं. "आणि काकू, हे संपलं की संपलं असं नाही. एका किडनीवर जगायचं तर हे वजन आयुष्यभर इथेच ठेवायचं. उरलेलं बंद. चालणं बंद नाही." मी म्हटलं, हुकूम लेखी द्या. वन्संना दाखवायचा आहे.

त्यांनी शिक्क्यानिशी दिला. खिळ्याला टांगलाय. वन्संनी वाचला आणि म्हणाल्या, "रोज चाळीस मिनिटं? जन्मभर?" मी म्हटलं, हो, औषध म्हणून. रमणार नाही.

हे तोंडावर हात धरून खोकले. हसत होते.

सोमवार, १० नोव्हेंबर

दवाखान्यातून लिहितेय. वही पिशवीत तळाशी घालून आणली. सकाळपासून पोटात काही नाही, त्यांच्याही नाही. दुपारी दोघांना नेतील, आधी मला. हे पलीकडच्या खोलीत आहेत. मघाशी चाकांच्या खुर्चीतून दारापर्यंत आले आणि म्हणाले, "अजूनही गाडी परत वळवता येते." मी म्हटलं, काटा बरोबर आहे, जा.

भीती वाटतेय. अक्षर बघ कसं आलंय. देवाला सांगून झालंय, पुन्हा सांगते.

वन्सं बाहेरच्या बाकावर बसल्यात. दार उघडलं तेव्हा दिसल्या, माझ्या चपला मांडीवर धरून. "इथे चोरीला जातात म्हणे," म्हणाल्या. डोळे लाल होते. मी म्हटलं, "वन्सं, खाली ठेवा त्या. खाटेशी, जोडीने. उतरले की पायात घालायच्या आहेत."

त्यांनी वाकून ठेवल्या. गुडघे दुखतात त्यांचे, तरी स्वतः वाकल्या.

आजचा हिशेब लिहायचा राहिलाय. माझा रकाना: अन्न काही नाही. ह्यांचा: अन्न काही नाही. उरलेलं: काही नाही. मग किडनी एक. ही कुठे मांडायची कळेना. आधी माझ्या रकान्यात लिहिली. मग ह्यांच्या रकान्यातही लिहिली. एकच वस्तू दोन्हीकडे लागली. डबल झालं. खोडणार नाही.